एकोणिसावे शतक वाचायला कोठून घ्यावे: नाशिकच्या नव्या वाचकांसाठी एक क्रम

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली सुरू झाले. त्या वेळी लोकहितवादींची शतपत्रे छापून येण्यास अजून आठ वर्षे होती, मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली यायची होती, आणि हरिभाऊ आपटे यांचा तर जन्मही झालेला नव्हता. आज आपण एकोणिसाव्या शतकातील अभिजात म्हणतो ती बहुतेक मराठी पुस्तके लिहिली जाण्यापूर्वीच ती ठेवण्याची जागा या गावात तयार झालेली होती. असे असूनही या शतकाकडे वळणारा नवा वाचक सहसा कोठली तरी जागतिक श्रेष्ठ पुस्तकांची यादी हाती घेतो, तिच्यातील सर्वांत जाडजूड रशियन कादंबरी किंवा सर्वांत दुर्बोध जर्मन तत्त्वज्ञ निवडतो आणि थोड्याच दिवसांत पुस्तक मिटून ठेवतो. त्याची कुवत कमी पडते असे मला वाटत नाही. त्याचा क्रम चुकलेला असतो, एवढेच.

एकोणिसावे शतक हे वादाचे शतक आहे. देव, जात, स्त्री, राजसत्ता आणि शिक्षण या पाच गोष्टींवर जगभर जे भांडण चालले होते, तेच पुण्यात, मुंबईत आणि नाशिकातही चालले होते, आणि ते मराठीत छापले जात होते. हा घरचा वाद आधी वाचला की बाहेरचे लेखक कोणत्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत ते आपोआप समजू लागते. म्हणून आधी मराठी कथन, मग मराठी वाद आणि त्यानंतर बाहेरचे जग असा क्रम मी सुचवतो. वर्षांच्या क्रमाने जाण्याची गरज नाही. तसे गेल्यास आरंभीच सर्वांत अवघड गद्य वाट्याला येते.

आधी गोष्ट

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ असावे. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक घरावरचे कर्ज फेडण्याच्या विवंचनेत होता. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याचे त्याच्या कानी आले, आणि दक्षिणेच्या आशेने तो काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. वाटेत बंड उसळले आणि हा माणूस त्याच्या ऐन मध्यात सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. लपून राहिलेल्या माणसाला खिडकीतून, भिंतीआडून आणि अंधारातून जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो, आणि म्हणूनच ती पाने मनातून जात नाहीत. लुटीचे वर्णन करताना तो सोन्यारुप्याबरोबर झाशीच्या ग्रंथसंग्रहाचा नाश झाल्याचेही हळहळून नोंदवतो. शेवटी पैसा फारसा गाठीला न लागता तो गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी येतो आणि आईवडिलांना गंगेच्या पाण्याने स्नान घालतो. इतिहासाचे पुस्तक म्हणून ते वाचू नये, एका सरळ मनाच्या माणसाचे बोलणे म्हणून वाचावे. हे लेखन त्याने १८८३ च्या सुमारास केले, पण ते छापले गेले १९०७ साली आणि तेही चिंतामण विनायक वैद्य यांनी त्यात बदल करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली सिद्ध केली. शक्य असल्यास तीच मिळवावी.

याच्या जोडीला एक पुस्तक असे सुचवतो जे लिहिले गेले विसाव्या शतकात, पण ज्याचा पूर्वार्ध पूर्णपणे एकोणिसाव्या शतकात घडतो: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरच्या. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याचे जे वेड शिरले, त्याखाली सारे घर कसे भरडले गेले, हे त्या पहिल्याच प्रकरणांत सांगतात. गोडसे भटजींनी जे बंड रस्त्यावरून पाहिले त्याची झळ आपल्याच तालुक्यातल्या एका घरात पुढे किती वर्षे टिकली, हे या दोन पुस्तकांच्या जोडीने जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने कळेल. शिवाय लक्ष्मीबाईंची भाषा अजूनही ताजी आहे. जुन्या गद्याची धास्ती वाटणाऱ्याने खुशाल येथूनच आरंभ करावा.

यानंतर हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी घ्यावी. ती १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत होती. यमू नावाची मुलगी लहानपणच्या खेळांपासून आपली हकीकत स्वतः सांगते, आणि तिचे बोलणे इतके साधे आहे की पुढे येणारे वैधव्य आणि जबरदस्तीने झालेले केशवपन वाचताना आपण तिला अनेक वर्षांपासून ओळखत असल्यासारखे वाटते. पुस्तक मोठे आहे आणि आजच्या मानाने संथ आहे. ते आठवड्याला काही प्रकरणे अशा बेताने वाचावे, कारण मूळ वाचकांनीही ते तसेच वाचले होते. एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरला तर संथपणाच अंगावर येतो.

नाशिकच्या वाचकाने येथे आणखी एक लहान पुस्तक जोडून घ्यावे. न्यायमूर्ती रानडे यांची बदली १८७८ साली नाशिकला झाली होती, आणि रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली निघालेल्या पुस्तकात त्या मुक्कामाची हकीकत येते. रमाबाईंनी पहिले जाहीर भाषण केले ते याच गावात, शाळेच्या एका समारंभात, आणि ते त्यांना पतीने लिहून दिले होते. एका बाजूला यमूचे घर आणि दुसऱ्या बाजूला हे घर ठेवून पाहिले, म्हणजे सुधारणा या शब्दाने त्या काळी काय काय पणाला लागत होते ते दिसते.

मग वाद

सगळ्या वाचनाचा गाभा हा आहे, म्हणून याला सर्वाधिक वेळ द्यावा.

आरंभ लोकहितवादींपासून करावा. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या मुंबईच्या साप्ताहिकात जी पत्रे लिहिली, त्यांची संख्या एकशे आठ असली तरी ती शतपत्रे म्हणूनच ओळखली जातात. लिहायला लागले तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे न्यायखात्याच्या नोकरीत त्यांचे वास्तव्य नाशिकलाही झाले. ही पत्रे पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचू नयेत. अनुक्रमणिका समोर घ्यावी, ज्या विषयाची आपल्याला आच आहे असे दहा-बारा विषय निवडावे आणि तेवढीच पत्रे दोनदा वाचावी. आपल्याच समाजाला, आपल्याच जातीला इतक्या कठोरपणे बोलणारा माणूस सरकारी चाकरीत राहून काय बोलतो आणि काय बोलत नाही, याकडे दुसऱ्या वाचनात लक्ष द्यावे.

जोतीराव फुले यांच्यापाशी आल्यावर वाचकाने थोडे थांबून तयारी करावी. ‘गुलामगिरी’ हे १८७३ सालचे पुस्तक अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेले आहे. पुण्यात बसून लिहिणारा मराठी माणूस आपले पुस्तक समुद्रापलीकडच्या लढ्याशी जोडतो, ही एकच गोष्ट त्याच्या नजरेचा पल्ला सांगायला पुरेशी आहे. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात, आणि मत्स्य, कच्छ, वराह असे एकेक अवतार घेऊन त्यामागे बाहेरून आलेल्यांनी येथल्या लोकांना जिंकल्याचा इतिहास कसा दडला आहे ते मांडत जातात. या इतिहासातील तपशील आजच्या संशोधनाशी ताडून पाहण्याच्या नादी नव्या वाचकाने लगेच लागू नये. ज्या कथा पिढ्यान् पिढ्या पूज्यभावाने ऐकवल्या गेल्या, त्या हरलेल्याच्या बाजूने सांगितल्या तर कशा दिसतील, हा जोतीरावांचा प्रश्न आहे, आणि बळीराजाचे प्रकरण वाचताना तो पूर्ण ताकदीने समोर येतो.

माझ्या मते मात्र नाशिक जिल्ह्यातील वाचकाने ‘गुलामगिरी’च्याही आधी ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा. हा ग्रंथ १८८३ सालचा आहे. ‘विद्येविना मती गेली’ या ओळी आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर रंगवलेल्या असतात, परंतु त्या याच पुस्तकाच्या आरंभी येतात आणि त्यांच्यापुढे शेतीची सविस्तर चिकित्सा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शेतसारा कसा वाढत जातो, कुलकर्ण्यापासून साहेबापर्यंतच्या कचेऱ्यांत शेतकरी कसा नाडला जातो, जंगल खात्याने गुरांची कुरणे कशी हिरावली, पाटाच्या पाण्याची पट्टी घेणारे खाते पाणी वेळेवर का देत नाही, हे सगळे त्यांनी क्रमाने लिहिले आहे. जोतीराव केवळ गाऱ्हाणे मांडून थांबत नाहीत. फौजेतले आणि पोलिसांतले रिकामे शिपाई लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि सुपीक माती वाहून जाणार नाही, अशी नेमकी सूचना ते करतात. गंगापूर धरणाच्या पाण्यावर आणि आवर्तनांच्या तारखांवर ज्यांच्या घरात रोज बोलणे होते, त्यांना या पानांचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

त्यानंतर ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्यावी. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले गेले, आणि त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली हे छोटेखानी पुस्तक पुण्यात छापून घेतले. जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता त्यांतला कोणता तुमच्यात नाही, असे विचारत ताराबाई एकेक आरोप उलटा फिरवतात. वाक्ये बोलीतली आहेत, म्हणी झणझणीत आहेत, आणि राग कोठेही आवरलेला नाही. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये या पुस्तकाची बाजू घेतली, परंतु त्यानंतर ते जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. एका बैठकीत वाचून होते; ते तसेच वाचावे, आणि जमल्यास मोठ्याने वाचावे.

आता विरुद्ध बाजू. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक काढले. त्यांनी लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर कडाडून टीका केली. तिचा काही भाग आज वाचताना खटकतो, आणि तो खटकावाच. जातीच्या अभिमानातून आलेली तुच्छता तेथे स्पष्ट दिसते. तरीही त्यांना वगळून हे शतक कळत नाही, कारण मराठी निबंधाचे वाक्य त्यांनी घडवले आणि आत्मविश्वास गमावलेल्या सुशिक्षितांना त्यांनी आपल्या भाषेचा अभिमान दिला. ‘आमच्या देशाची स्थिति’ हा त्यांचा शेवटचा निबंध इंग्रज सरकारने १९१० साली जप्त केला आणि ती बंदी १९३७ साली उठली. नव्या वाचकाला हा एक निबंध आणि लोकहितवादींवरची टीका एवढे पुरे आहे.

वादाचा शेवट गोपाळ गणेश आगरकरांनी करावा. १८८८ साली निघालेल्या त्यांच्या ‘सुधारक’ पत्रातील निबंधांचे संग्रह सहज मिळतात. ‘सुधारक काढण्याचा हेतु’ आणि ‘गुलामांचे राष्ट्र’ हे दोन निबंध प्रथम वाचावे. परंपरा जुनी आहे एवढ्यावरून ती मान्य करायची नाही, तिला बुद्धीपुढे उभे राहून जाब द्यावा लागेल, हा त्यांचा आग्रह प्रत्येक परिच्छेदात आहे. त्यापायी विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. चिपळूणकर आणि आगरकर एकाच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये काम केलेले, आणि तरी दोघांची दिशा इतकी वेगळी; हे लक्षात ठेवून दोघांना लागोपाठ वाचल्यास वाचनाला धार येते.

पुस्तक मिळवणे आणि जुन्या गद्याशी जमवून घेणे

सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे आपल्या ‘सावाना’चे, सभासदत्व घेणे हे पहिले काम. जुन्या आणि दुर्मीळ प्रती सहसा घरी नेता येत नाहीत, त्या तेथेच बसून वाचाव्या लागतात. म्हणून घरी नेण्यासाठी अलीकडची छापील आवृत्ती मागावी आणि शंकेच्या जागा जुन्या प्रतीवरून ताडून पाहाव्या. शेल्फापाशी स्वतः शोधत बसण्यापेक्षा ग्रंथपालांना लेखकाचे नाव सांगणे बरे, कारण ही पुस्तके ‘निवडक’ किंवा ‘समग्र’ अशा नावांच्या खंडांत दडलेली असतात. जोतीरावांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रथम प्रसिद्ध केले, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर अशी अनेक प्रकाशने विनामूल्य उतरवून घेता येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे मराठी विकिस्रोतावरही या काळातील बरेच ग्रंथ आहेत. याच कारणाने बाजारात कोणीही काढलेल्या आवृत्त्या असतात, त्यांतील काही काटछाट केलेल्या असतात. विकत घेण्यापूर्वी संपादकाचे नाव, प्रस्तावना आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द कोठे दडला आहे का, हे तपासावे.

भाषेची अडचण दोन-तीन आठवड्यांची असते. जुन्या छपाईत ‘नाहीं’, ‘कीं’, ‘त्यांणीं’ असे अनुस्वार जागोजागी दिसतात, कारण ते काढून टाकणारे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. ते डोळ्यांआड करावे. वाक्य फार लांब असेल तर आधी क्रियापद शोधावे, मग कर्ता, आणि मधला मजकूर शेवटी भरावा. अडलेला शब्द आजच्या कोशात सापडला नाही तर मोल्सवर्थचा कोश पाहावा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे याच काळातली आहे, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यात शब्द शोधता येतो. प्रत्येक शब्दाला थांबू नये. पानात तीनदा आलेला शब्दच तेवढा पाहावा.

घराबाहेरचे जग

एवढे झाल्यावर आगरकरांनी जे वाचले ते आपण वाचावे. जॉन स्टुअर्ट मिल यांचा ‘ऑन लिबर्टी’ हा १८५९ सालचा निबंध लहान आहे, आणि त्यातील विचारस्वातंत्र्यावरचे दुसरे प्रकरण वाचताना ‘सुधारक’ची पाने आठवत राहतात. सगळ्या जगाचे मत एक आणि एकाच माणसाचे वेगळे असले तरी त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार जगाला का नाही, हे मिल फार शांतपणे पटवतात. त्यांचा स्त्रियांच्या दास्यावरचा १८६९ सालचा ग्रंथ ताराबाईंच्या शेजारी ठेवावा. एकाच्या हाती तर्क आहे, दुसरीच्या हाती अनुभव. मला स्वतःला ताराबाईंचे पुस्तक अधिक जवळचे वाटते.

कादंबऱ्यांमध्ये रशियन लेखकांकडे जाताना लहान दाराने जावे. तॉलस्तॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा प्रथम घ्यावी. एका सुखवस्तू न्यायाधिकाऱ्याला मरण जवळ आल्यावर आपण नीट जगलोच नाही असे उमगत जाते, एवढीच ती गोष्ट आहे, आणि तिच्यात तॉलस्तॉय यांचे सारे सामर्थ्य आहे. मग ‘आना कारेनिना’, आणि तिच्यानंतर दोस्तोयेव्स्की यांची ‘क्राइम अँड पनिशमेंट’. रशियन पात्रांना स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले नाव, आडनाव आणि लाडाचे नाव अशी चार नावे असतात. ती एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो.

तत्त्वज्ञानात मिल यांच्यानंतर मार्क्स आणि एंगल्स यांचा १८४८ सालचा जाहीरनामा वाचावा, कारण तो थोडक्यात आहे आणि पुढच्या शतकावर त्याची छाया आहे. शोपेनहॉवर यांनी उपनिषदे लॅटिन भाषांतरातून वाचली होती आणि त्यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, म्हणून मराठी वाचकाला त्यांचे छोटे निबंध परके वाटणार नाहीत. नीत्शे त्यांच्या नंतर घ्यावा, आधी नाही. हेगेल एकट्याने वाचण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये.

शक्य असल्यास चौघे-पाच जण मिळून वाचावे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, त्यामुळे नाशिकच्या अनेक वसाहतींत असे गट आधीपासून आहेत. त्यांतल्याच एखाद्यात हा विषय सुचवता येतो. पहिल्या बैठकीला ‘शेतकऱ्याचा असूड’मधील एक प्रकरण आणि ‘आमच्या देशाची स्थिति’मधील काही पाने एवढेच ठेवावे. एकाने जोतीरावांच्या बाजूने बोलावे, दुसऱ्याने शास्त्रीबुवांच्या, आणि प्रत्येकाने मूळ ओळ वाचून दाखवल्याशिवाय मत मांडू नये. दुसऱ्या बैठकीला ताराबाई आणि मिल यांना समोरासमोर आणावे.